सागवानी गोषा

सागवानी डायनिंग टेबल विकत घेतात ते लाकडाच्या रेषा दिसाव्यात म्हणून, आणि घरात येताच झाकतात ते त्या रेषा जपाव्यात म्हणून. आधी काच, तिच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक, त्यावर मॅट, मॅटवर कालचा पेपर. ‘अस्सल सागवान आहे बरं का,’ हे पाहुण्यांना तोंडी सांगावं लागतं. पुरावा हवा त्यांनी खाली वाकून टेबलाचे पाय बघावेत.

इतकं करून शत्रू आतच. काचेखाली झिरपलेल्या पाण्याला सुकायला वाट नाही, आणि प्लास्टिक उन्हाळ्यात पॉलिशला असं बिलगतं की सोडवताना दोघं एकदमच निघतात. टेबल आजोबांच्या काळचं, लाखेच्या स्पिरिट पॉलिशचं असेल तर बघायलाच नको. लाख साधारण 75 अंशांना मऊ पडते. चुलीवरून थेट आलेलं आमटीचं पातेलं त्याहून तापट. ओल पॉलिशच्या थरात अडकली की पांढरं वर्तुळ उमटतं. त्यावरून घरात रामायण होतं, पण बहुतेकदा लाकूड शाबूत असतं. काळा डाग मात्र पाणी लाकडापर्यंत पोचल्याचा. आणि सॅनिटायझरने टेबल पुसणाऱ्या स्वच्छतादूतांना साष्टांग नमस्कार! लाख स्पिरिटमध्येच विरघळते, त्यामुळे जंतूंबरोबर पॉलिशही स्वर्गवासी.

खरं तर पातेल्याखाली अडणी, पेल्याखाली कोस्टर आणि सांडल्यावर लगेच फडकं एवढ्यात भागतं. पण अडणी माळ्यावर आहे. कोस्टरचा संच लग्नात आहेर आलेला. वापरला तर डाग पडतील म्हणून शोकेसमध्ये, वेष्टनासकट.