छतातल्या हिरव्या वायरच्या कर्त्यास

वायरमनदादा,



तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या फ्लॅटचं वायरिंग तुम्ही केलंत, प्लास्टरखाली गाडलंत आणि पुढच्या साइटवर निघून गेलात. एरवी आपली गाठ पडली नसती. पण हॉलमधली जुनी एलईडी ट्यूबची पट्टी काढून तिथे पत्र्याचा गोल एलईडी लावायचं ठरलं, मी शिडीवर चढले आणि छतातून तुम्ही डोकावलात.

खरं तर तुमची चाहूल आधीच लागली होती. बटण बंद केलं तरी आमची ट्यूब रात्रभर मिणमिणायची. सासूबाईंना फुकटचा झिरोचा दिवा मिळाल्याचं समाधान होतं. आम्ही ट्यूब बदलली, तर नवीही तशीच. दोष ट्यूबचा नव्हताच. बटण तुम्ही फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलं होतं! बटण बंद केलं की न्यूट्रल तुटायचा आणि फेज मात्र दिव्यापर्यंत जागाच राहायचा. भिंतीतल्या वायरी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे किंचित करंट झिरपतो, आणि एलईडीला मिणमिणायला तेवढाही पुरतो. जुना पिवळा बल्ब असल्या झिरपण्याला दाद देत नसे. त्याच्या राज्यात तुमचं गुपित जन्मभर टिकलं असतं. पण २०१५ साली सरकारने उजाला योजना आणली, घरोघरी एलईडी पोचले आणि त्यांनी तुमची चुगली केली. तुमच्या धंद्याविरुद्ध सरकारने इतका पद्धतशीर कट क्वचितच केला असेल.

बटण न्यूट्रलवर एकटं बसवू नये, ही काही माझ्यासारख्या गृहिणीची लहर नाही. १९५६च्या भारतीय वीज नियमावलीत ते लिहिलेलं होतं आणि २०१०च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही ते कायम राहिलं. इतकी वर्षं सरकार तुम्हाला एकच गोष्ट सांगतंय, आणि तुम्ही तुमच्या मताशी ठाम. ह्याला म्हणतात बाणा.

पण तुमची खरी प्रतिभा पुढेच होती. नव्या दिव्याच्या पत्र्यावर अर्थिंगचा स्क्रू असतो. छतातून हिरवी वायर लोंबताना पाहून आमच्या ह्यांना अगदी भरून आलं. "बघ, बिल्डरने अर्थिंगसुद्धा दिलंय. टाक जोडून!" शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाला सल्ला द्यायला काही लागत नाही. मी मात्र मेन स्विच बंद करून वायरींची तोंडं एकमेकींपासून लांब केली, खाली उतरून मेन पुन्हा चालू केला आणि टेस्टर लावला. हिरव्या वायरीवर टेस्टर पेटला. बटण चालू केलं, पेटलेला. बंद केलं, तरी पेटलेला. लाल वायर न्यूट्रल निघाली.

म्हणजे ह्यांचं ऐकलं असतं तर आमच्या दिव्याचा पत्राच जिवंत राहिला असता, २३० व्होल्टवर. बटण बंद असतानाही. मग दिवाळीत जळमटं काढायला शिडीवर चढणाऱ्याला तुमची आठवण झाली असती, बहुधा एकदाच. फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा, हे आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या पोरांना शिकवतात. तुम्ही रंगांच्या बाबतीत मुक्त विचारांचे. की हिरवी गुंडाळी उरली होती?

जोडाचं कौतुक राहिलंच. दोन वायरी हाताने पिळून त्यांवर पाकीट चिकटवायची सेलोटेप गुंडाळलीत आणि वरून पुट्टी फासलीत. ना जंक्शन बॉक्स, ना झाकण. ह्याच शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधली, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणलं, आणि मागून येणाऱ्यांना आत उतरून बघता यावं म्हणून मॅनहोलं ठेवली. तुम्हाला तर एका हॉलचं छत सांभाळायचं होतं. पण उघडून बघणारं कुणी येईल, ही कल्पनाच तुम्हाला शिवली नाही. दिवा लागला, बिल्डरच्या माणसाने मान डोलावली, काम संपलं.

पैसे तुम्हाला पॉइंटच्या हिशोबाने मिळाले असतील, हे मला समजतं. दिव्याचा पॉइंट मोजतात, पंख्याचा मोजतात. अर्थिंगची वायर त्याच पाइपातून जाते आणि तिचा वेगळा पॉइंट कुणी लावत नाही, म्हणून ती दुकानातच राहिली. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की खट्कन पडणारी आरसीसीबीही राहिली. तिची बोर्डातली जागा मात्र तुम्ही पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने सुबक झाकलीत. फिनिशिंगमध्ये तुमचा हात कुणी धरणार नाही.

आता परवाना असलेला एक पोरगा येऊन गेला. अर्थिंगची नवी वायर ओढायला त्याने पाइपात स्प्रिंग घातली, ती अर्ध्यात अडकली. स्लॅब भरताना पाइप चेपला होता म्हणे. शेवटी हॉलच्या छतावरून केसिंगची पट्टी नेली, फेज बटणावर आणला, जोड कनेक्टरमध्ये घेऊन बॉक्समध्ये बसवला. पट्टी दिसते, पाहुणे विचारतात. आम्ही तुमचं नाव सांगू शकत नाही, ह्याचं फार वाईट वाटतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. बाथरूममधला गीझरचा पॉइंटही तुमच्याच हातचा आहे का, तेवढं कळवा. तोवर पाणी गॅसवर तापवतो आहोत.