कॉमासम्राट

तालुक्याच्या गावात इंग्रजीचे दोन प्रकारचे क्लास चालतात. एक ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ देणारा आणि दुसरा आमच्या सरांचा. सरांकडे तीन महिन्यांत फक्त कॉमा होतो. मेडिकल दुकानावरची खोली, जिन्यात चपलांचा ढीग आणि टेबलावर खाकी कव्हर घातलेलं ‘रेन अँड मार्टिन’. हे पुस्तक सर कधी उघडत नाहीत. ते नियमाचा नंबर सांगतात, उघडून खात्री आपण करायची. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली त्यांनी ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहिली, हे सर दरवर्षी जूनमध्ये सांगतात. सांगताना चेहरा असा, की साहेब आत्ताच चहा घेऊन जिना उतरलेत.

सरांचा जीव अर्ध्या मार्कात. ‘डिअर सर’नंतर कॉमा नाही, अर्धा मार्क गेला. ‘फर्स्टली’नंतर नाही, अर्धा गेला. नको तिथे टाकला, तरी अर्धा गेलाच. ‘युवर्स’मध्ये कुणी अपॉस्ट्रॉफी घुसवला तर सर मार्कही कापत नाहीत, पेनाला टोपण लावतात, वही मिटतात आणि खिडकीतून एसटी स्टँडकडे बघत बसतात. लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेन निघतं. मुहूर्त नंतर. एकदा तर यजमानांच्या हातात आहेराच्या पाकिटाबरोबर दुरुस्त केलेली पत्रिका पडली होती.

कुणी ‘सर, एवढ्याशा कॉमाने काय होतं?’ असं विचारलं की सर अमेरिकेत जातात. तिथल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी. ओव्हरटाइमच्या कायद्यातल्या, ज्यांना ओव्हरटाइम लागू नाही अशा कामांच्या यादीत शेवटच्या ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. त्यामुळे ‘पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी माल बांधणं’ हे एकच काम, की ‘वितरण’ हे वेगळं काम, याचा उलगडा होईना. गाडी चालवणारे म्हणाले, आम्ही माल पोचवतो, बांधत नाही. आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपिलाच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी डेअरीने पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. एवढं सांगून सर विजयी मुद्रेने वर्गाकडे बघतात. मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, पन्नास लाखांची वस्तू, मग आम्हाला अर्धाच मार्क का?”

दिवाळीनंतर ‘पटवून देणारं लेखन’ सुरू होतं. बोर्डाच्या पेपरात अपील येतं, व्ह्यू-काउंटरव्ह्यू येतं. सरांकडे त्याचा पक्का साचा आहे. सुरुवातीला प्रश्न, मग तीन कारणं, शेवटी चौकटीत घोषवाक्य. वर ॲरिस्टॉटलचा मसाला: आधी आपली पत, मग भावना, मग तर्क. परिणामी अख्खी बॅच रक्तदानाचं आवाहन एकाच प्रश्नाने सुरू करते. अठराच्या आत रक्त देता येत नाही, म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकही स्वतः देऊ शकत नाही, पण कॉमे चोख असतात.

या विद्येची खरी परीक्षा फी मागताना होते. सर पालकांच्या ग्रुपवर तीन परिच्छेदांचा इंग्रजी मेसेज टाकतात. पहिल्यात बावीस वर्षांचा अनुभव, दुसऱ्यात वाढलेलं भाडं, तिसऱ्यात हिशेब. पत, भावना, तर्क. कॉमा एकही चुकलेला नाही. उत्तरादाखल अकरा अंगठे आणि एक ‘गुड मॉर्निंग’चा गुलाब येतो. फी येत नाही.

मग काकू, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, फोन हातात घेतात. काकूंची मराठी थेट मोडी वळणाची. मेजर कँडींनी गेल्याच्या गेल्या शतकात मराठीला विरामचिन्हं लावून दिली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्या लिहितात, ‘वहिनी उद्या पोराकडं फी पाठवा नाहीतर मीच येते चहाला’. चहाला आलेल्या काकू जेवूनच उठतात आणि तोवर पोराची सगळी प्रगती आजी-आजोबांसमोर वाचून दाखवतात, हे गावाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाराच्या बारा पाकिटं टेबलावर.

सर पाकिटं मोजतात, वहीत मांडतात आणि खडू उचलून ते वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहितात. “बघा, ही दोन स्वतंत्र वाक्यं. म्हणजे ‘ऑर’च्या आधी कॉमा आलाच पाहिजे. का?”

“फी भरायला तेवढीच सवड असते सर,” मागचा बाक म्हणतो.

सर क्षणभर विचार करतात आणि त्याला अर्धा मार्क देतात.