म्हशीच्या गावात गाय

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून फेसाळ ग्लास हातात मिळतो. मध्ये दलाल नाही. तिथंच उभ्या असलेल्या इंजिनिअरिंगच्या पोराला मात्र स्वतःच्याच मोबाइलमध्ये एक गाय आणायची आहे.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे, हे तो शिकलाय. पण घर लिनक्सचं असलं तरी मालकाला माजघरात प्रवेश नाही. त्यासाठी टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप हवं. प्ले स्टोअरवरची त्याची आवृत्ती 2020 नंतर बराच काळ गोठलेली; अँड्रॉइड 10 च्या नियमांनी ॲपला स्वतः उतरवून घेतलेले प्रोग्राम चालवायला मनाई केली ना! मग एफ-ड्रॉइड या दुसऱ्या ॲप-दुकानातून आणा, ‘अज्ञात स्रोत’ची धमकी वाचा, होय म्हणा.

एवढं झालं की काळ्या पडद्यावर ‘पीकेजी इन्स्टॉल काऊसे’. त्यातही अँड्रॉइड 12 पासून सगळ्या ॲपांच्या मिळून उपप्रक्रिया 32 च्या वर गेल्या, की फोन जादाच्या गुपचूप मारतो. मालकाला विचारणं? छे!

अखेर काऊसेची अक्षरांची गाय उमटते, टाइप केलेलं बोलून दाखवते. पोरगा कौतुकानं फोन म्हशीवाल्यापुढं धरतो.

तो निरखून बघतो. “दूध किती देती ही?”