सुरतेत हॉप्स गाळण्याची शास्त्रोक्त रीत

घरी बिअर करताना हॉप्स कशाने गाळावेत, हा प्रश्न इतरत्र स्वयंपाकघरातला असेल. सुरतेत तो व्याकरणाचा आहे. मोड आणून सुकवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड रस उतरतो. त्याला वर्ट म्हणतात. तो हॉप्सच्या फुलांसह तासभर खळखळ उकळला की फुलांतली राळ रूप पालटून रसात उतरते, रसाला कडवटपणा येतो, आणि मग चोथा वेगळा काढायचा असतो. यीस्ट अजून घातलेलेच नसते. म्हणजे गाळण्याच्या घटकेला पातेल्यात असतो तो जवाचा गोड-कडू काढा. दारूचा त्यात थेंबही नाही. वैद्याने दिला असता तर लोकांनी नाक दाबून मुकाट्याने घेतला असता. मग गुन्हा कुठे आला? तो आला १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून. त्याच्या ६५ व्या कलमानुसार मादक पदार्थ तयार करण्यासाठी साहित्य, भांडी, उपकरणे नुसती जवळ बाळगणेही गुन्हा आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर गुजरातेत दारू गाळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाक्य नीट वाचा. सारा गुन्हा 'साठी' या एका शब्दयोगी अव्ययाला लटकलेला आहे. तेच फडके चक्क्यासाठी टांगले तर श्रीखंड, वर्टासाठी टांगले तर मुद्देमाल. तेव्हा सुरतेतल्या गाळणाऱ्याने पहिल्यांदा गाळायचा तो हेतू. चोथ्याचा क्रम त्यानंतर.

हेतू निथळून घेतला की कापडाकडे वळावे. इथे सुरतेसारखे दुसरे शहर नाही. पाश्चात्त्य हौशी मंडळी या कामाला पॉलिएस्टरच्या विरळ विणीचे, पडद्याचे कापड वापरतात, आणि सुरतेचे माग तर पॉलिएस्टरवरच चालतात. लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांचे हात त्याच मागांवर आहेत. उकळत्या रसाने हा धागा वितळत नाही, सुती पंचाइतका रस पिऊन टाकत नाही आणि धुतला की लगेच वाळतो. फक्त कोरे कापड आधी दोनदा उकळून घ्यावे, नाहीतर खळ आणि रंग हे दोन घटक पाककृतीत नसताना येतील. वीण मात्र वस्त्रगाळ नको. नवशिक्याला वाटते, छिद्र जितके बारीक तितका रस स्वच्छ. प्रत्यक्षात दळून दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या रसात फुटून शेवाळासारख्या होतात, त्यात उकळीने साकळलेली प्रथिने मिसळतात, आणि बारीक गाळणीवर दोन मिनिटांत असा थर बसतो की खाली थेंब पडत नाही आणि वरून रस काठाबाहेर वाहतो. अख्खी फुले वापरली तर उलट घडते. त्यांचाच थर जाळीवर बसतो आणि तोच गाळणीचे काम करतो. गाळायचे तेच गाळते, ही किमया. (हे विवेचन केवळ वर्टापुरते आहे, कोणी त्याचा संबंध कायद्याच्या छिद्रांशी लावला तर ती ज्याची त्याची जबाबदारी.)

खरे तर उत्तम रीत गाळण्याची नाही, निवळण्याची. आच बंद करावी, पळीने रस एकाच दिशेने गरगर फिरवावा, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. चोथा पातेल्याच्या मधोमध ढिगासारखा बसतो आणि कडेने नितळ रस नळीने काढून घेता येतो. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जायला हवी, मग गाळ मध्यावर का येतो? हे कोडे चहाच्या पत्तीवरून जुनेच आहे. १९२६ साली आइन्स्टाइनने त्याचा उलगडा मांडला : तळाशी घर्षणाने पाण्याची गती मंदावते, तिथला बाहेर ढकलणारा जोर कमी पडतो, म्हणून तळालगतचा प्रवाह आत वळतो आणि गाळ सोबत आणतो. त्या लेखाचा मूळ विषय चहा नव्हता, नद्यांची वळणे हा होता. वळणावर नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला गाळ घालते, ते याच आडव्या प्रवाहामुळे. तापी सुरतेजवळ वळसे घेत समुद्राकडे जाते. म्हणजे हे तंत्र या शहराच्या दाराशी कधीपासून चालू आहे, आणि त्याला परवाना लागलेला नाही.

आता आक्षेप. एक चतुर म्हणेल, एवढी यातायात कशाला? सुरत-भुसावळ गाडीने नवापूरला जावे. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. एका बाकावर तर दोन राज्यांची नावे रंगवलेली. गुजरातच्या टोकाला उकळावे, महाराष्ट्राच्या टोकाला गाळावे. युक्ती देखणी आहे, पण तिला इतिहास ठाऊक नाही. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा १९४९ चा हाच कायदा दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने परवान्यांची खिडकी उघडी ठेवली, एवढाच फरक. परवान्याशिवाय घरी बिअर करणे बाकाच्या कोणत्याच टोकावर बसत नाही. रेल्वेच्या फलाटावर वीस लिटरचे पातेले उकळू देतील का, हा प्रश्न तर वेगळाच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हेतू गाळला, रस निवळला, पण यीस्टला कुठे आमंत्रण लागते? ते हवेत असतेच. सुरतेच्या दमट उकाड्यात उघडा राहिलेला वर्ट आपणहून फसफसू लागेल. तेव्हा दोषी कोण? याला दाखला नीरेचा. हिवाळ्यात सुरतेत पहाटे लोक नीरेसाठी रांगा लावतात, आणि तोच रस ऊन चढेपर्यंत ठेवला तर ताडी होतो. झाड तेच, मडके तेच. मध्ये काही तास सरकले एवढेच. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. वर्टाला चुना लावणे चवीला परवडणार नाही, म्हणून त्याला नीरेचाच दुसरा नियम लावावा : ताजे असतानाच संपवावे. निवळलेला रस भांडे थंड पाण्यात ठेवून झटपट गार करावा, फ्रिजमध्ये टाकावा आणि त्याच दिवशी पाहुण्यांना द्यावा. सोबत लोचो हा सुरती नाश्ता असल्यास कडवटपणा सुसह्य होतो. पाहुणे दुसऱ्यांदा येणार नाहीत, आणि हेतू शुद्ध असल्याचा याहून सबळ पुरावा पंचनाम्यातही मिळणार नाही.

उरला चोथा. तो कुंडीत मातीखाली दाबावा. गल्लीतल्या कुत्र्यांपुढे चुकूनही टाकू नये. हॉप्स पोटात गेले की कुत्र्याच्या अंगाचा ताप भराभर चढतो आणि जीवही जाऊ शकतो. कापड त्याच दिवशी धुऊन दोरीवर घालावे, शेजाऱ्यांना दिसेल असे, आणि विचारलेच तर चक्का म्हणावे.