विस्कॉन्सिनहून : कानटोपीविषयी सविस्तर खुलासा

तीर्थरूप मातोश्री व तीर्थरूप बाबा यांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विशेष.

विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो, आणि नोव्हेंबरअखेरच्या त्या दिवसांत पहाटेचा पारा बहुधा शून्याखालीच असतो. त्यामुळे ‘पोराच्या अंगावर पुरेसं असतं ना?’ हा मातोश्रींचा प्रश्न मायेचा असला तरी शास्त्रीयही आहे, आणि त्याचे उत्तर त्याच पातळीवर द्यावे असे सूनबाईंनी ठरवले आहे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की ज्या प्रांतात त्याची बातमी होते, तेथील वाचकांसाठी अपरिचित संज्ञांचा उलगडा ओघातच केला आहे.

येथील शिकारीत धावपळ जवळजवळ नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सूर्योदयापूर्वी झाडाला टेकवलेल्या लोखंडी मचाणावर चढायचे, पडू नये म्हणून पट्ट्याने स्वतःला खोडाशी बांधून घ्यायचे आणि मग न खोकता, न हलता दुपारपर्यंत बसून राहायचे, असे तिचे स्वरूप असते. सत्यनारायणाच्या पूजेला ज्या चिरंजीवांना अर्धा तास मांडी घालवत नाही, तेच चिरंजीव हे व्रत स्वखुशीने करतात, ही गोष्ट मानसशास्त्राच्या कक्षेत येत असल्याने येथे सोडून दिली आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी, उष्णता तयार होते. चालताना ती कितीतरी पट वाढते. सगळी अडचण या तफावतीत आहे, कारण मचाणावर बसताना जे कपडे कमी पडतात, त्याच कपड्यांत मचाणापर्यंत बर्फ तुडवत जाताना माणूस घामाने निथळतो.

घाम हाच या प्रकरणातील खरा शत्रू असून थंडी त्याची केवळ लाभार्थी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि सुती कापड घाम शोषून तो अंगालगत धरून ठेवते. म्हणून साताऱ्याहून प्रेमाने आलेल्या अर्धा डझन सुती बनियनी, ज्या मे महिन्यात अमृततुल्य वाटतात, त्या येथे घातक ठरतात. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओला लागत नाही, त्यामुळे अंगालगत बारीक लोकरीचा थर, त्यावर हवा अडकवून ठेवणारा जाड थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा थर, अशी रचना येथे रूढ आहे. बाहेरचे जाड जाकीट पाठीवरच्या पिशवीत बांधून जवळजवळ कुडकुडतच चालत जायचे आणि मचाणावर पोहोचून घाम सुकल्यावर ते चढवायचे, असा अनुभवी मंडळींचा दंडक आहे. पायांत मोज्यांचे तीन जोड कोंबण्याची मातोश्रींची सूचनाही याच कारणाने फेटाळावी लागते, कारण बूट घट्ट झाला की आतली हवा जाते, रक्तप्रवाह अडतो आणि बोटे अधिकच गारठतात.

वाऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पारा उणे १८ अंशांवर असताना ताशी २४ किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २८ अंशांइतकी जाणवते; या परिणामाचे पहिले प्रयोग पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून केले. (यापुढील दोन वाक्ये बाबांनी मनातल्या मनात वाचावीत.) ११ नोव्हेंबर १९४० रोजी उबदार सकाळ पाहून बदकांचे शिकारी हलक्या कपड्यांत मिसिसिपी नदीच्या बेटांवर गेले आणि त्याच दिवशी हिमवादळ येऊन शेजारच्या मिनेसोटा राज्यात ४९ माणसे दगावली, ज्यांत जवळजवळ निम्मे शिकारी होते. जे वाचले, त्यांपैकी अनेकांनी ती रात्र हातपाय हलवत जागून काढली होती.

थंडीवर उतारा म्हणून ब्रँडीचे नाव येथे हमखास निघते; तिच्या खपात विस्कॉन्सिन देशात आघाडीवर आहे, आणि चिरंजीवांच्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची तिच्या औषधी गुणांवर अढळ श्रद्धा आहे. वस्तुतः मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त पृष्ठभागी येऊन ऊब वाटते आणि तीच ऊब बाहेर निघून जाते; शिवाय झिंगून बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. त्यापेक्षा तूप, खोबरे आणि गूळ एकत्र आणणारा डिंकाचा लाडू शरीराला जळण पुरवण्यात सरस ठरतो. फक्त तो प्लॅस्टिकच्या पिशवीत नसावा, कारण पिशवीची चुरचुर ऐकून हरीण पसार होते. त्याचे नाकही तितकेच तीक्ष्ण असल्याने चिरंजीवांचे जाकीट हंगामभर गॅरेजमधील बंद डब्यात राहते, आणि आदल्या संध्याकाळी हिंगाची फोडणी न करण्याचा ठराव घरात एका मताच्या विरोधासह संमत झाला आहे. विरोधी मत अर्थातच सूनबाईंचे होते.

आता कानटोपी. शरीराची निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते, हा समज खरा नाही. ते प्रमाण डोक्याच्या आकाराच्या मानाने, दहा टक्क्यांच्या आसपासच, भरते. परंतु बाकीचे सर्व अंग झाकलेले असता उघडे डोके हीच मोठी गळती ठरते, आणि कानांच्या पाळ्या हिमदंशाला, म्हणजे कातडी गोठून निकामी होण्याला, लवकर बळी पडतात. तेव्हा गळ्यापर्यंत येणाऱ्या कानटोपीविषयी मातोश्रींची भूमिका तत्त्वतः मान्य करणे भाग आहे. अडचण कायद्याची आहे. इतर शिकाऱ्यांच्या नजरेस पडावे म्हणून बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या वस्त्रांचा निम्मा भाग झगझगीत नारिंगी असावा लागतो, टोपी घातल्यास तिलाही हाच नियम लागू होतो, आणि हरणाला हा रंग नीट ओळखूच येत नसल्याने त्याची तक्रार नसते. सबब गेल्या खेपेची तपकिरी कानटोपी येथे बेकायदेशीर आहे.

पुढील पार्सलात सुती बनियनी नसाव्यात, डिंकाचे लाडू कागदात बांधलेले असावेत आणि नवी कानटोपी विणावयाची झाल्यास लोकर भडक नारिंगीच घ्यावी. २०१६ पासून कायद्याने झगझगीत गुलाबी रंगही चालतो. चिरंजीवांना तो चालत नाही, पण मातोश्रींना साताऱ्यात नारिंगी लोकर मिळाली नाही, तर सूनबाईंची काही हरकत नाही.

घरच्या सर्व लहानथोरांस यथायोग्य.

सूनबाई