भंवरकुआंची पाहुणी वस्ती

अहो वहिनी, कचरागाडी येऊन गेली का? नाही ना? मग थांबा जरा. समोरच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर नवी पोरं आलीत, बघितलीत का? एक बडवानीचा, एक बालाघाटचा आणि तिसरा बुऱ्हाणपूरचा, मराठी बोलतो हो छान! सगळे पीएससीच्या परीक्षेची तयारी करणारे. मालकीणबाईंनी दारातच फर्मान काढलं: दहाला गेट बंद, मित्र आणायचे नाहीत, अंडं शिजवायचं नाही. भाडं मात्र आगाऊ!

जाऊ द्या, आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या? कोचिंगवाले आपल्या इंदूरच्या भंवरकुआं चौकात आले आणि कॉलनीत ज्याने त्याने गच्चीवर खोल्या चढवल्या. तशी विद्यार्थ्यांची ये-जा जुनीच म्हणा. होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, विद्यापीठ १९६४ चं. पण तेव्हा पोरं कॉलेजात शिकायची. आता दिवसा कोचिंग आणि रात्री लायब्ररी. तिथे पुस्तकं कुणी मागत नाही हो! महिन्याच्या पैशात खुर्ची, दिवा, एसी आणि वायफाय. पहाटे दोनला बाहेर पडतात आणि आपल्या फाटकाशी उभं राहून ‘करंट अफेअर्स’वर भांडतात. आमच्या यांची झोप उडते म्हणून ते रोज कुरकुरतात.

सकाळी चौकात जाऊन बघा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात, वर शेव, कांदा, जीरावन मसाला. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात नोट्स. महिनाअखेरीला एकच जलेबी दोघांत. ते बघितलं ना, की माझा राग निम्मा उतरतो.

चौकाचं नाव बदललं तेही ऐकलंत ना? २०२१ मध्ये टंट्या भील यांचं नाव दिलं. चांगलंच केलं. इंग्रजांना वर्षानुवर्षं चकवलं त्यांनी. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी झाली, पाताळपाणीला समाधी आहे. पण रिक्षावाला अजून ‘भंवरकुआं, भंवरकुआं’ असंच ओरडतो. वर उड्डाणपूल झाला, खाली गर्दी तीच!

बाकी इथली माणसं दोन-चार वर्षांत बदलतात. कुणी डेप्युटी कलेक्टर होऊन जातो, कुणी न सांगता बॅग उचलतो. पेढे आले तर आपल्याला कळतं, बॅग गेली तर पत्ता नसतो. नावंही कुठे ठाऊक असतात? ‘दोन नंबरवाला’, ‘कोपऱ्यातली मुलगी’, झालं. किराणा त्यांच्यावर, मेस त्यांच्यावर, धोबी त्यांच्यावर, आपल्या गच्चीचा हप्तासुद्धा त्यांच्यावर. आणि त्रास देतात म्हणून तक्रार आपलीच!

आली बघा गाडी. ओला-सुका वेगळा केलाय ना? स्वच्छतेत आपल्या इंदूरचा २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिला नंबर आलाय, घालवू नका! आणि एक ऐका वहिनी. दिवाळीला जी पोरं घरी जाणार नाहीत, त्यांना नावं विचारा आणि फराळाला बोलवा. एखाद्याचं भाडं महिनाभर थांबलं, तर थांबू द्या.