सातव्या घरातला मंगळ

वहिनी, जरा इकडे या, जास्वंदीशी. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. आमच्या भाचीचं ते कोथरूडचं स्थळ परतलं. 'सप्तमात मंगळ' एवढाच निरोप, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर!

सप्तम म्हणजे काय म्हणता? मूल जन्मतं तेव्हा पूर्वेला जी रास उगवत असते ते लग्न. त्याच वेळी पश्चिमेला, आपल्याकडून वेताळ टेकडीमागे म्हणा, जी मावळत असते ते सप्तम. पहिलं घर आपलं, सातवं समोरच्याचं. नवरा, धंद्यातला भागीदार, कोर्टातला प्रतिपक्ष, सगळे तिथलेच भाडेकरू. वर त्याला मारकस्थानही म्हणतात. ज्यानं हे ठरवलं तो चांगला मुरलेला संसारी असणार!

पण खरी गंमत पुढेच आहे. त्यांना दिलेली पत्रिका दाते पंचांगाची, म्हणजे चित्रापक्षाची. मिथुन लग्न, 28 अंश, आणि मंगळ धनूत. आमच्या सासूबाई पक्क्या टिळक पंचांगवाल्या. ते रैवत पक्षाचं. त्याचा अयनांश, म्हणजे गणितात जो वजा करतात तो, जवळजवळ 4 अंशांनी कमी, म्हणून सगळंच 4 अंश पुढे सरकतं. त्यांनी पत्रिका मांडली तर लग्न गेलं कर्केत, सप्तमात आली मकर, आणि मंगळ धनूतच राहून सहाव्यात! मंगळाचा दोष 1, 4, 7, 8, 12 या घरांत धरतात, सहाव्यात कसला? आता सप्तमाचा मालक गुरू जाऊन शनी आला, म्हणजे नवरा जरा थंड मिळेल. चालेल हो, तिच्या रागाला तोच बरा.

शिवाय लग्न सुमारे 4 मिनिटांना एक अंश सरकतं. तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातलं घड्याळ बंद होतं, नर्सबाईंनी मनगटावरचं बघून वेळ सांगितली. ते 10 मिनिटं मागे असलं तर दात्यांच्या हिशेबानंही मिथुन संपलंच की!

आमच्या ह्यांचं वेगळंच. म्हणे खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनी दाभोलकर, घाटपांडे यांच्यासोबत 2008 साली पुण्यातच ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. प्रत्येकाला 40 पत्रिका, त्यांतली हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती ते ओळखायचं. उत्तरं पाठवली 27 जणांनी, आणि पहिल्या नंबरवाल्याची बरोबर आली 24. छापा-काटा केला तरी 20 येतात! पटलं मला. पण मुलाच्या आईला हे सांगून स्थळ थोडंच परत येणार?

तुमची आणि त्यांची भिशी एकच ना? मग तिथे नारळीकर काढू नका, टिळक काढा. टिळकांपुढे पुण्यात कोण बोलणार! ही घ्या दुसरी पत्रिका, शुक्रवारी जाताना आठवणीनं पर्समध्ये टाका. आणि माझं नाव घेऊ नका.